गाणं ऐकणारा मेंदू: ईईजी प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

कामचलाऊ नाव ‘संगीत आणि मेंदूलहरी’. साधन ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद. पहिल्याच बैठकीत आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तीन प्रश्न टाकले: कोणतं संगीत, कोणत्या लहरी, आणि कशाच्या तुलनेत? पहिल्या दोन प्रश्नांवर आम्ही दोघंही तावातावाने बोललो. तिसऱ्याला गप्प. ‘गाणं लावलं की अमुक लहर वाढते’ असं म्हणायचं तर ती कशापेक्षा वाढते हे आधी ठरवायला हवं. मॅडमच्या मते सगळा प्रकल्प त्या एका प्रश्नावर उभा राहील किंवा पडेल.

या लहरींच्या पट्ट्यांची नेहमीची विभागणी हाताशी असू दे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवर्तनं): डेल्टा ४ हर्ट्झच्या खाली, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, त्यावर गॅमा. ‘डेल्टा म्हणजे झोप, अल्फा म्हणजे शांती, बीटा म्हणजे ताण’ असे रंगीत तक्ते जिकडेतिकडे दिसतात. आमच्या भिंतीवर असला तक्ता लावायचा नाही, हा पहिला ठराव.

११ जानेवारी

वाचन. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली. ती छापून यायला १९२९ उजाडलं. पुढे १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच लहर दाखवली, तेव्हा कुठे लोकांनी ती मनावर घेतली. त्या प्रयोगात डोक्याला तारा लावून बसलेले गृहस्थ स्वतः एड्रियनच होते.

आमच्या कामाचा मुद्दा असा. बर्गर यांना सर्वांत ठळक दिसलं ते डोळ्यांचं: डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० आवर्तनांची लहर उसळते, उघडले की दबते. म्हणजे ज्या अल्फाला आपण संगीताचा परिणाम मोजायला निघालोय, त्याची सगळ्यात मोठी कळ पापण्यांत आहे. गाणं आवडलं की माणूस डोळे मिटतो. इथेच निम्मे निष्कर्ष निकालात निघायला हवेत.

आणखी एक नोंद मर्यादेची. डोक्याच्या त्वचेवर पोचतो तो हजारो-लाखो चेतापेशींच्या एकाच वेळी झालेल्या हालचालीचा एकत्रित विद्युत परिणाम, तोही साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. तो मुख्यतः मेंदूच्या वरच्या थराचा असतो. संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, हे सालिमपूर, झटोर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, पण त्यासाठी त्यांनी मेंदूतल्या रसायनांचा माग काढणारा पीईटी स्कॅन वापरला होता. ईईजीच्या टोपीतून डोपामिन दिसत नाही. अहवालात हा शब्द आला तर संदर्भ म्हणूनच येईल.

१६ जानेवारी

उपकरण जुळवलं. इलेक्ट्रोडच्या जागा १०-२० पद्धतीने. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची आणि त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत इतकी साधी आहे की कुठल्याही आकाराचं डोकं चालतं. केस बाजूला सारणं, जेल भरणं आणि इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमखाली आणणं यातच वेळ जातो. दाट केसांना जास्त.

रोजची पहिली चाचणी ठरली: डोळे उघडे, डोळे मिट. मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर १० हर्ट्झच्या आसपास उंचवटा आला तरच पुढे जायचं. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण (काही देशांत ६०) जागोजागी घुसते; लॅपटॉप चार्जरवरून काढला की बरीच कमी होते.

२१ जानेवारी

आवाज नक्की कधी सुरू झाला? कोडमध्ये ‘वाजव’ म्हटल्यापासून कानात आवाज पोचेपर्यंत संगणक थोडा वेळ खातो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. कानावर ध्वनी आदळल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी मेंदूचा एन-१ नावाचा प्रतिसाद येतो. तेवढ्या बारीक गोष्टी बघायच्या तर हा लपंडाव परवडत नाही. सहकाऱ्याने सुचवलं तेच केलं. फाईलच्या डाव्या ट्रॅकवर संगीत, ते दोन्ही कानांना द्यायचं. उजव्या ट्रॅकवर फक्त खूण, ती थेट ईईजीच्या ॲम्प्लिफायरच्या जादा चॅनलला. आता आवाज आणि ईईजी एकाच घड्याळावर आहेत.

हेडफोनऐवजी लांब नळीचे इअरफोन घेतले. हेडफोनमधलं चुंबक-वेटोळं कानाशेजारच्या इलेक्ट्रोडला चिकटून बसतं, आणि त्याची गळती मेंदूचा प्रतिसाद म्हणून मिरवू शकते. पडताळणीसाठी नळ्या कानातून काढून बोळा घातला आणि तोच आवाज लावला. आलेख सपाट. छान.

२ फेब्रुवारी

गॅमा आणि वरचा बीटा सोडून द्यायचं ठरलं. जबडा जरासा आवळला तरी २० हर्ट्झच्या वर सगळं भरून येतं. २००७ सालचा व्हिटम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग वाचला तेव्हा वादच मिटला: शुद्धीत असलेल्या स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे पाडले आणि ईईजी घेतला, तर २० हर्ट्झच्या वरचा बहुतांश भाग नाहीसा झाला. तो मुळात स्नायूंचा होता. आनंदी संगीत ऐकताना माणूस गालात हसतो. ‘आनंदी संगीताने गॅमा वाढला’ असं वाचलं की आता मला आधी गाल दिसतात.

६ फेब्रुवारी

‘मोझार्ट इफेक्ट’, म्हणजे मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते हा समज, टाळता येणार नाही. ज्याला प्रकल्पाबद्दल सांगावं तो हेच विचारतो. मूळ काम असं: १९९३, नेचर नियतकालिक, संशोधक राउशर, शॉ आणि कॅथरिन काय (Ky). कॉलेजचे ३६ विद्यार्थी. दोन पियानोंसाठीचा मोझार्टचा सोनाटा (के. ४४८) १० मिनिटं ऐकल्यावर अवकाशीय तर्काच्या चाचणीत ८-९ गुणांची वाढ, आणि ती टिकली १०-१५ मिनिटं. त्यात बाळं नव्हती. ईईजीही नव्हता. तरी १९९८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला शास्त्रीय संगीताची तबकडी द्यायला १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली.

जास्त उपयोगी आहे तो २००१ सालचा थॉम्प्सन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांचा प्रयोग. त्यांनी एका गटाला मोझार्टची जलद, उल्हसित रचना ऐकवली आणि दुसऱ्याला संथ, उदास रचना. फायदा पहिल्या गटातच दिसला. आणि ऐकणाऱ्याची तरतरी व मूड हिशेबात धरल्यावर तोही जवळपास उरला नाही. मोझार्टपेक्षा जागेपणाचा वाटा मोठा. आमच्यासाठी यातून एक काम निघालं: प्रत्येक भागानंतर सहभागीला दोनच प्रश्न विचारायचे, किती जागे आहात आणि किती आवडलं.

११ फेब्रुवारी

बायनॉरल बीट्सवर एक दुपार गेली. एका कानात ४०० हर्ट्झ, दुसऱ्यात ४१० दिलं की डोक्यात कुठेतरी १० हर्ट्झची थरथर ऐकू येते. हवेत ती नसतेच. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या देठात एकत्र येतात तिथे ती घडते. हाइनरिश डोव्ह यांनी ती १९व्या शतकात टिपली, जेराल्ड ऑस्टर यांच्या १९७३ सालच्या लेखाने ती घरोघर नेली. आता ‘१० हर्ट्झ ऐका, अल्फात जा’ म्हणणारी ॲप आहेत. ऐकू येणं खरं आहे. पण २०२० साली ओरोस्को पेरेस, द्युमा आणि लेमान यांनी बायनॉरल बीट्सची तुलना साध्या, हवेतच मिसळलेल्या बीट्सशी केली, तेव्हा बायनॉरलचा मेंदूवरचा ठसा अधिक फिका निघाला आणि मूडवर दोन्हींचा परिणाम दिसला नाही. आमच्या प्रकल्पात हे घ्यायचं नाही.

१९ फेब्रुवारी

बेसलाइन, म्हणजे तुलनेचा पाया. मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे आलो.

सोपा मार्ग शांततेशी तुलना करण्याचा. पण शांतता म्हणजे रिकामी पाटी नव्हे. डोळे मिटून, तारा लावून, मंद उजेडात बसवलेला माणूस दोनपैकी एक करतो: विचारांत हरवतो किंवा पेंगतो. पेंगायला लागलं की आधी अल्फा ओसरतो आणि थीटा वर येतो, हे झोपेच्या अभ्यासकांना पाठ असतं. मग नंतर गाणं लावलं, माणूस जागा झाला आणि अल्फा परतला, तर श्रेय गाण्याला द्यायचं की जाग आल्याला? उलट क्रमाने केलं तर उलट निष्कर्ष निघेल. सहकारी म्हणाली, “म्हणजे क्रम बदलून दोन परस्परविरोधी पेपर लिहिता येतील.” गमतीने म्हणाली, पण वहीत टिपून ठेवण्यासारखं आहे.

त्यामुळे चार भाग ठरवले: संगीत, शांतता, एका आवाजातलं कथाकथन, आणि सळसळाट. सळसळाट त्याच गाण्यातून काढायचा. वर्णपट (कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा) तसाच ठेवून फेज, म्हणजे लहरींचं एकमेकींच्या मागेपुढे असणं, विस्कटलं की सूर आणि लय जातात, प्रत्येक वारंवारतेची एकूण ऊर्जा मात्र तेवढीच राहते. आवाजाची पातळी सगळीकडे सारखी. क्रम प्रत्येक सहभागीला वेगळा. डोळे सर्व भागांत मिटलेले. दोन भागांमध्ये उठून पाणी प्यायचं, चार शब्द बोलायचे.

आवडीचा पेच उरला. प्रत्येकाला त्याच्या आवडीचं गाणं ऐकवावं तर गाणी वेगळी होतात. सगळ्यांना एकच ऐकवावं तर कुणाला ते कंटाळवाणं वाटणार. तोडगा म्हणून जोड्या लावल्या. तुमचं आवडतं गाणं माझ्यासाठी परकं, माझं तुमच्यासाठी. जोडीत दोन्ही ध्वनिफिती तेवढ्याच वेळा वाजतात आणि बदलते ती फक्त आवड. प्रकल्पातली मला सर्वांत आवडलेली मांडणी हीच.

२७ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग चालू. संमतीपत्र, टोपी, जेल, डोळे मिट-उघड, चार भाग, केस धुणं. विशेष काही नाही.

५ मार्च

पहिले आलेख. संगीत विरुद्ध शांतता एवढंच पाहिलं तर मागच्या बाजूला अल्फा बहुतेकांचा बदललेला दिसतो. काहींचा वर, काहींचा खाली. इथे थांबून वर गेलेल्यांचा आलेख छापला असता तर भिंतीवरच्या तक्त्याला शोभला असता. शेजारी कथाकथनाची रेघ ठेवली की चित्र पालटतं: गोष्ट ऐकताना आणि गाणं ऐकताना एकाच माणसाचा अल्फा जवळपास सारखा वागतो. शांतता आणि सळसळाट एकीकडे, गाणं आणि गोष्ट दुसरीकडे. म्हणजे जो फरक ‘संगीताचा’ वाटत होता तो लक्ष देऊन काहीतरी ऐकण्याचा असावा. ही पायलट, म्हणजे प्राथमिक चाचणी, एवढी लहान आहे की हे ठासून म्हणणार नाही, पण मला पटलंय.

जोड्यांच्या मांडणीतून एक बारीक गोष्ट हाती येतेय. आवडत्या गाण्याला कपाळामागे, मधल्या रेषेवरच्या एफझेड इलेक्ट्रोडवर थीटा किंचित उंच. सामलर, केल्श आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सुखद विरुद्ध कर्कश संगीताची तुलना करताना याच जागी थीटा वाढलेला पाहिला होता, म्हणून लक्ष तिकडे गेलं. आमचा फरक मात्र इतका बारीक आहे की एक सहभागी वगळला तरी तो डळमळतो. अहवालात एक ओळ, तीही ‘दिसतो’ अशी.

७ मार्च

मॅडमचा शेरा: “पट्ट्यातली शक्ती वाढली म्हणजे लहर वाढली असं होत नाही.” बरोबर आहे. ईईजीच्या स्पेक्ट्रमला, म्हणजे वर्णपटाला, मुळातच उतार असतो; कमी वारंवारतेला जास्त शक्ती, पुढे घसरत जाणारी. हा उतार जागेपण आणि वयाबरोबर बदलतो. उतार जरा तिरपा झाला तरी ‘थीटा वाढला, बीटा घटला’ असं गणित येतं, प्रत्यक्ष कुठलीही लहर न उठता. डोनोह्यू, व्हॉयटेक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली उतार वेगळा काढून त्यावर उभे राहणारे उंचवटे मोजायची पद्धत दिली, ती सहकाऱ्याने बसवली. थीटाचा फरक आणखी बारीक झाला. अल्फाचं चित्र टिकलं.

१० मार्च

दिशा बदलली. ‘संगीत कुठला पट्टा वाढवतं’ हा प्रश्न मला आता पोकळ वाटतो. आम्ही बघत होतो ते पट्टे चार ते तेरा हर्ट्झचे, आणि संगीताची लय सेकंदाला एक-दोन ठोक्यांची. मिनिटाला १२० ठोके म्हणजे २ हर्ट्झ. लयीचा माग मेंदूत शोधायचा तर तो तिथेच, ईईजीच्या अगदी तळाशी शोधायला हवा.

यासाठी सिल्वी नोझारादान आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा प्रयोग पाया म्हणून घेतला. २.४ हर्ट्झची, म्हणजे मिनिटाला १४४ ठोक्यांची एकसुरी लय. दोनचे किंवा तीनचे गट सुचवणारा जोर कुठेही नाही. ऐकणाऱ्याने आधी नुसतं ऐकायचं, मग मनात दोन-दोनचे गट करायचे, मग तीन-तीनचे. ईईजीत २.४ वर शिखर येतं, ते अपेक्षितच. पण दोनचे गट कल्पिले की १.२ वर, तीनचे कल्पिले की ०.८ वर नवीन शिखर उगवतं. आवाजात १.२ किंवा ०.८ हर्ट्झचं काहीच नाही. सम ऐकणाऱ्याने धरलेली आहे आणि ती आलेखात उतरते.

याला लागणारं गणित नेटकं आहे. १.२ चं एक आवर्तन ०.८३ सेकंदांचं, ०.८ चं १.२५ सेकंदांचं, दोन्ही पूर्ण अंकांत बसतात ते २.५ सेकंदांत. म्हणून फीत ३२.५ सेकंदांची केली. पहिले २.५ सेकंद टाकून द्यायचे, कारण आवाज सुरू झाल्याचा धक्का त्यात असतो. उरलेले ३० सेकंद एकसंध घेतले की स्पेक्ट्रमचा एक रकाना १/३० हर्ट्झचा होतो, आणि २.४, १.२, ०.८ ही तिन्ही अनुक्रमे ७२, ३६ आणि २४ व्या रकान्यावर नेमकी बसतात. शेजारच्या रकान्यांची सरासरी वजा केली की उतार जातो आणि शिखर उरतं. ५० सेकंदांच्या फिती केल्या असत्या तर शिखर अजून टोकदार झालं असतं, पण इतका वेळ मोजणी मनात धरून ठेवणं अवघड जातं. मी स्वतः करून पाहिलं.

१४ मार्च

या खालच्या वारंवारतांत सर्वांत मोठा धोका मानेचा. लय लागली की माणूस डुलतो आणि टोपीच्या तारा त्याच लयीत हलतात. मग २.४ वरचं देखणं शिखर तारांचं असू शकतं. कपाळावर हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर चिकटवला; त्याच्या स्पेक्ट्रममध्ये ठोक्यांच्या वारंवारतेवर काही दिसलं तर ती फेरी बाद. शिवाय एक उलट चाचणी: आवाज बंद, आणि सहभागीला मुद्दाम डुलायला सांगायचं. हालचालीचं शिखर टोपीभर पसरतं, कडेच्या इलेक्ट्रोडवर जास्त. ऐकण्याचं शिखर कपाळ आणि माथ्याच्या मध्ये एकवटतं. दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवले की गल्लत होत नाही.

एक सहभागी पायाचा अंगठा हलवत होता. ॲक्सिलरोमीटरला ते कळलं नाही, सहकाऱ्याला दिसलं. आता सगळ्यांना आधीच सांगतो, आणि कुणीतरी पायांकडे बघत बसतं.

२२ मार्च

२.४ वरचं शिखर प्रत्येकात आहे. दोनच्या गटांत १.२ वर स्पष्ट वाढ, तीनच्या गटांत ०.८ वर. वाढीचा आकार माणसागणिक फार वेगळा. वाद्य शिकलेल्यांत शिखरं उंच दिसतात. डोलिंग आणि पोपेल यांच्या २०१५ सालच्या एमईजी (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी पद्धत) प्रयोगातही संगीत शिकलेल्यांचा मेंदू लयीचा पाठलाग अधिक घट्टपणे करत होता, विशेषतः सेकंदाला एका स्वराहून संथ असलेल्या लयीत. आमच्याकडे शिकलेले थोडे आहेत, म्हणून आलेखात ते वेगळ्या खुणेने दाखवायचे, सरासरी काढायची नाही.

सहकाऱ्याची शंका रास्त आहे: ठोक्यांमागून ठोके आले तर प्रत्येक ठोक्याला एक प्रतिसाद उठणारच, त्या प्रतिसादांची रांग लागली की २.४ वर शिखर येईल. मेंदूत स्वतःची लहर लयीला जुळली असं त्यावरून कसं म्हणायचं? या क्षेत्रातला हा जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. १.२ आणि ०.८ च्या बाबतीत मात्र ही शंका लागू पडत नाही, कारण तिथे ठोकाच नाही. म्हणून अहवालाचा भर त्या दोन शिखरांवर.

२ एप्रिल

एका सहभागीची फाईल बाकीच्यांत बसत नाही. ‘नुसतं ऐका’ या भागात, गटांची सूचना देण्याआधीच, त्याचं ०.८ चं शिखर उभं आहे. ॲक्सिलरोमीटर स्वच्छ, पाय स्थिर. मग दोनचे गट मोजायला सांगितल्यावर १.२ वर जेमतेम काही, ०.८ मात्र तसंच.

त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “मला सारखे ठोके आले की ते तीन-तीनच ऐकू येतात. दोनमध्ये मोजायला सांगितलंत तेव्हा मोजत होतो, पण कान तीनवरच जात होता.” लहानपणापासून तालवाद्य वाजवतो. ते आम्ही फॉर्ममध्ये विचारलं होतं. कुठल्या मात्रांचा सराव जास्त, हे विचारलं नव्हतं.

मॅडमचं म्हणणं, ही फाईल वगळू नका, स्वतंत्र आकृती करा. मला त्यापुढे जावंसं वाटतं. ‘नुसतं ऐका’ हीच आमची लयीच्या भागातली बेसलाइन आहे, आणि इथे एक माणूस सूचना नसताना काहीतरी करतोय. इतरही करत असतील, फक्त गट बदलत राहत असतील म्हणून शिखर उभं राहत नसेल. पुढच्या फेरीत ‘नुसतं ऐका’ भाग संपल्याबरोबर विचारायचं: ठोके कसे ऐकू आले, एकसारखे, दोन-दोन की तीन-तीन? उत्तर आधी लिहून घ्यायचं, आलेख नंतर काढायचा, आणि आलेख काढणाऱ्याला उत्तर माहीत नसावं. फॉर्म बदलला. सरावातल्या मात्रांचा रकाना घातला. नव्या सहभागींना सोमवारपासून बोलावतोय, तीनचा सराव असलेले आणि नसलेले आलटून पालटून.